जॉन गार्डनरचा गोठा (आणि लिहिणं शिकवता येतं का वगैरे)

अनुस्वार (धागाकर्ता)
शनि, सकाळी ११:४०

परवा एका श्रद्धांजलीच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं की लिहिणं शिकवता येत नाही, ते आतूनच यावं लागतं, आणि खाली ढीगभर +१ पडून विषय मिटला. तिथे भांडणं बरं दिसलं नसतं म्हणून इथे वेगळी चूल मांडतोय.

मला जॉन गार्डनरबद्दल लिहायचंय. अमेरिकन कादंबरीकार, जन्म १९३३, न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हियाचा, म्हणजे न्यूयॉर्क शहर नव्हे, शेतीवाडीचा भाग. वडील दुभती जनावरं पाळणारे शेतकरी आणि चर्चमध्ये प्रवचनही करायचे, आई इंग्रजीची शिक्षिका. 'ग्रेंडेल' (१९७१) ही त्याची सगळ्यात माहितीतली कादंबरी, जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या राक्षसाच्या तोंडून सांगितलेली. १९७६ च्या 'ऑक्टोबर लाइट'ला तिकडच्या समीक्षकांचं मोठं बक्षीसही मिळालं. पण आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक मास्तर म्हणून. आयुष्यभर या नाहीतर त्या विद्यापीठात तो लिहायला शिकवत राहिला, चिको, सॅन फ्रान्सिस्को, कार्बनडेल, शेवटी बिंगहॅम्टन.

१९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चिको स्टेट कॉलेजात तो नवीन लागला तेव्हाची गोष्ट. वय २६, एकही पुस्तक छापलेलं नाही, केबिनमध्ये हस्तलिखितांचे खोके. काळा सूट, बारीक कापलेले केस, काळी शेवरोले, रविवारी चर्च. असा माणूस वर्गात धातूची कचऱ्याची टोपली पुढे ओढून तिच्यात राख झटकत सिगरेटी ओढायचा. आणि समोर बसलेल्या पोरांमध्ये एक होता रेमंड कार्व्हर. एकविशीत दोन लेकरांचा बाप, पडेल ती कामं करून कॉलेज करणारा, पुढे जगभर नाव झालेला कथाकार. हे सगळं कार्व्हरनेच गार्डनरच्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितलंय.

गार्डनर काय करायचा? कथा लिहिणाऱ्याने अख्ख्या सत्रात एकच कथा लिहायची, दहा-पंधरा पानांची. आणि तीच पुन्हा पुन्हा लिहायची, लागलं तर दहा वेळा. कार्व्हरची कथा घेऊन तो त्याच्यासोबत बसायचा, काही शब्द सरळ उडवायचा (इथे चर्चा नाही), काही नुसते कंसात टाकायचा (यावर बोलू या). स्वल्पविरामावरसुद्धा बोलणं व्हायचं. त्याला घरात लिहायला जागा नाही कळल्यावर स्वतःच्या केबिनची किल्ली देऊन टाकली, शनिवार-रविवार इथे बसून लिही म्हणाला. कार्व्हर प्रामाणिक माणूस, त्याने पुढे कबूलही केलंय की तिथे बसून मी मास्तरांची हस्तलिखितं चाळायचो आणि त्यांच्या कथांची शीर्षकं ढापायचो!

माझं म्हणणं एवढंच की "आतून येतं" म्हणणाऱ्यांनी हे कंस बघावेत. आतून आलेलं बाहेर आल्यावर त्याचं काय करायचं हे शिकवता येतं आणि ते सुद्धा भाषणं देऊन नाही, शेजारी बसून, ओळीवर बोट ठेवून.

आता मुद्द्याचं. त्याच्या 'द आर्ट ऑफ फिक्शन'मध्ये (मेल्यावर छापलं, १९८३) शेवटी स्वाध्याय दिलेत. त्यातला एक साधारण असा: लढाईत ज्याचा मुलगा नुकताच मारला गेलाय अशा माणसाला दिसलेला गोठा लिहा. मुलगा, लढाई, मरण यातलं काही लिहायचं नाही. बघणाऱ्या माणसाचाही उल्लेख करायचा नाही. मग तोच गोठा, तीच हवा, तीच वेळ, प्रेमात पडलेल्या सुखी माणसाला दिसलेला. प्रेमाचंही नाव काढायचं नाही आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याचंही.

(तिकडचा बार्न म्हणजे आपला गोठा नव्हे, गवत, अवजारं, गायी सगळं एका मोठ्या लाकडी इमारतीत असतं, पण आपण गोठाच धरू.)

करून बघायचं का इथे?

---

खडूसराव
शनि, दुपारी १२:१५

चांगलं लिहिलंयस पण निष्कर्ष घाईचा आहे. गार्डनरच्या वर्गात कार्व्हर धरून किती पोरं असतील? बाकीच्यांचं काय झालं? एक कार्व्हर निघाला की मास्तर महान, आणि जे नाही निघाले ते "आतून नव्हतंच". दोन्हीकडून मास्तरच जिंकतो. कोचिंग क्लासवाले बोर्डावर टॉपरचा फोटो लावतात तसलं लॉजिक.

शिवाय तुझाच कार्व्हर सांगतो की या गार्डनरने वर्गाला तोंडावर सांगितलं होतं की लेखक व्हायला जी आग लागते ती मला तुमच्यापैकी कुणात दिसत नाही. म्हणजे आतून येणारं काहीतरी लागतं हे तो पण मानत होताच.

---

रेवा_एन
शनि, दुपारी १२:५०

खडूसराव +१. आणि अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर, जी स्वतः आयोवा विद्यापीठाच्या रायटर्स वर्कशॉपमधून शिकून बाहेर पडलेली, तिला लोक विचारायचे की ही विद्यापीठं लेखकांची मुस्कटदाबी करतात का, तर तिचं म्हणणं होतं की पुरेशा लेखकांची करत नाहीत :))

अनुस्वार, गोठा मी टाकते संध्याकाळी. आमच्या आजोळी होता, आता तिथे पार्किंग आहे.

---

अनुस्वार
शनि, दुपारी १:३०

@खडूसराव, बाकीच्यांचं काय झालं हा प्रश्न बरोबर आहे पण तो गणिताच्या मास्तरला आपण विचारतो का? वर्गातले सगळे रामानुजन झाले नाहीत म्हणून बीजगणित शिकवता येत नाही असं कुणी म्हणत नाही. लिहिण्यालाच ही खास सोवळ्यातली वागणूक का?

आणि गंमत म्हणजे गार्डनर स्वतः आयोवाचाच. वर्कशॉप १९३६ सालापासूनचं, हा तिथे पन्नाशीच्या दशकात होता, १९५८ ला पीएचडी. प्रबंध म्हणून काय दिलं असेल? कादंबरी.

---

घाटावरचा_जोशी
शनि, दुपारी ३:०५

प्रबंध म्हणून कादंबरी!!! आमच्या गाईडला हे सांगितलं असतं तर जागेवर झीट आली असती.

पण यावरून एक आठवलं. आपल्याकडे कादंबरीकार प्राध्यापकांना तोटा नाही, उलट प्राध्यापक नसलेला कादंबरीकार शोधावा लागेल. पण शिकवायचे काय? ना. सी. फडके कोल्हापूरला राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र. श्याम मनोहर फिजिक्स, रंगनाथ पठारे संगमनेरला फिजिक्स. नेमाडे इंग्रजी, गोवा विद्यापीठात तर इंग्रजीचे विभागप्रमुख होते. विलास सारंग इंग्रजी. म्हणजे पगार एका विषयाचा आणि जीव दुसऱ्यात. वर्गात न्यूटनचे नियम आणि घरी जाऊन कादंबरी. "ये, तुझी कथा काढ, बसू" असं म्हणायची सोयच नाही, त्याचा पेपरच नव्हता. आता उपयोजित मराठीत थोडंफार सर्जनशील लेखन आलंय, पण मी जे पाहिलंय त्यात प्रश्न असा असतो, "सर्जनशील लेखनाचे स्वरूप सांगून त्याची वैशिष्ट्ये लिहा. गुण १०."

---

खडूसराव
शनि, दुपारी ३:२०

फडक्यांनी तर 'प्रतिभासाधन' लिहून तंत्र शिकवलंच की, १९३१ साली. आरंभ कसा, गुंतागुंत कशी, उत्कंठा कुठे ताणायची. गार्डनरच्या कितीतरी आधी. त्याचं फळ काय? गुळगुळीत कादंबऱ्यांची रांग. पुढच्या पिढ्यांनी तंत्र हा शब्द शिवीसारखा वापरला. माझा आक्षेप हाच आहे, शिकवता येतं ते तंत्र, आणि नुसत्या तंत्राचं हे असं होतं.

---

अनुस्वार
शनि, संध्याकाळी ४:१०

फडक्यांनी पुस्तक लिहिलं, कुणाच्या कथेवर पेन्सिल घेऊन बसले का ते मला माहीत नाही. मी त्या पेन्सिलीबद्दल बोलतोय.

---

जुना_पिंपळ
शनि, रात्री ८:४५

तरुण मंडळी, पेन्सिल होती हो. फक्त विद्यापीठात नव्हती, गिरगावात होती, खटाववाडीत. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि 'सत्यकथा' मासिकात राम पटवर्धन. साभार परत हा शब्द लोकांना आठवतो कारण तो विनोदाला बरा, पण परत येणाऱ्या कथेसोबत पत्र असायचं, कुठे सैल पडली, काय काढलं तर उभी राहील, पुन्हा लिहून पाठवा. लेखक परत लिहायचे, परत पाठवायचे. तुमच्या गार्डनरचे कंस म्हणजे हेच की. पटवर्धन तर पेशाने प्राध्यापकच होते, पण ही शिकवणी कॉलेजबाहेर चालायची, पोस्टाने. कॉलेजात जे मिळत नव्हतं ते मासिकात मिळायचं. 'सत्यकथा' १९८२ ला बंद पडलं, त्यानंतर ती जागा कुणी घेतली मला सांगा. दिवाळी अंकांचे संपादक? जाहिराती गोळा करून दमलेले असतात बिचारे.

---

भटकी_लेखणी
शनि, रात्री ९:३०

आजोबा (निकवरून म्हणतेय, राग नसावा), पेन्सिल ज्याच्या हातात त्याचीच चव शेवटी कथेला येते त्याचं काय? १९६९ ला राजा ढाले वगैरे मंडळींनी सत्यकथेची होळी केली ती उगाच नाही. ज्यांचं जगणंच त्या वाडीच्या बाहेरचं होतं त्यांना "इथे सैल पडतंय" कोण सांगणार आणि कशाच्या जोरावर? लघुनियतकालिकवाल्यांना कुणी शेजारी बसून शिकवलं नाही, सायक्लोस्टाइलवर काढून वाटलं आणि मराठी कविता बदलून दाखवली.

आणि कार्व्हरचीच पुढची गोष्ट अनुस्वारने सोयीने गाळली. त्याचा संपादक गॉर्डन लिश. १९८१ च्या संग्रहात त्याने कार्व्हरच्या कथा इतक्या कापल्या की काही अर्ध्याहून कमी उरल्या, शेवट बदलले, शीर्षकं बदलली. कार्व्हरने जुलै १९८० मध्ये त्याला पत्र लिहिलं, अक्षरशः गयावया, की हे पुस्तक थांबव. थांबलं नाही, छापलं गेलं आणि गाजलं सुद्धा! मूळ कथा लोकांना वाचायला मिळाल्या २००९ ला, तोवर कार्व्हर जाऊन एकवीस वर्षं झाली होती. लोकांनी ज्याला कार्व्हरची शैली म्हणून डोक्यावर घेतलं त्यातली बरीच लिशची कात्री.

---

अनुस्वार
शनि, रात्री १०:२०

गाळली नाही, म्हटलं कुणीतरी आणेलच. पण बघ ना, दोघांत फरक आहे की नाही? लिश कापून मोकळा होतो आणि छापतो. गार्डनर कंस टाकून थांबतो, पोराला विचारतो, पोरगं घरी जाऊन स्वतः लिहितं आणि पुढल्या आठवड्यात परत येतं. त्या कथेवर मास्तरचा काही धंदा अवलंबून नाही, छापायची घाई नाही. संपादकाला महिन्याचा अंक काढायचा असतो, त्याला दहाव्या खर्ड्यापर्यंत थांबून चालत नाही. विद्यापीठाचा काही उपयोग असेल तर तो हा, कुणाला घाई नसणं.

होळीबद्दल मान्य. पेन्सिल कुणाच्या हातात हा प्रश्न उरतोच.

---

डॉलरदास
रवि, सकाळी ७:१०

इकडून न्यू जर्सीवरून लिहितोय. घाई नसते वगैरे ठीक, पण पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून. अमेरिकेत कादंबरीकार शिकवतो कारण कादंबरीवर घर चालत नाही, तिथे विद्यापीठ म्हणजे जुन्या काळचा राजाश्रय आहे, हेल्थ इन्शुरन्ससकट. कार्व्हर स्वतः सिरॅक्यूजला शिकवायचा, १९८३ ला त्याला एक अनुदान मिळालं, वर्षाला ३५,००० डॉलर, पाच वर्षं, अट एकच की दुसरी नोकरी करायची नाही. त्याने नोकरी सोडली की लगेच! गार्डनरचा लाडका शिष्य पैसे मिळाल्याबरोबर वर्गातून पळाला, नोंद घ्यावी.

मी इथे एका कॉलेजात संध्याकाळचा क्लास केला होता. बारा-पंधरा जण गोल बसतात, ज्याची कथा असेल त्याने तोंड उघडायचं नाही, बाकीचे बोलणार. पहिला अर्धा तास सगळे गोड, "मला हे आवडलं." मग एक रिटायर्ड नर्स होती ती म्हणाली, हॉस्पिटलमध्ये रात्री तीन वाजता नवरा बायकोला भेटायला आलाच कसा, व्हिजिटिंग अवर्स काय असतात माहीत नाहीत का तुला? कथा माझी. संपली तिथेच. बाकी सगळ्या थिअरीपेक्षा ती बाई लक्षात राहिली.

---

अनुस्वार
रवि, सकाळी ९:००

डॉलरदास, त्या नर्सबाईंनी जे केलं त्यावर गार्डनरचा अख्खा सिद्धांत उभा आहे. तो म्हणतो वाचकाच्या डोक्यात एक स्वप्न चालू होतं, ठसठशीत आणि सलग, आणि लेखकाचं काम ते मोडू न देणं. पाल्हाळ लावला, मोडलं. शब्द मिरवला, मोडलं. माहिती चुकली, मोडलं, वाचक जागा होतो आणि त्याला पान दिसायला लागतं.

यावरून त्याचं विल्यम गॅसशी जाहीर भांडण झालेलं, १९७८ ला, सिनसिनाटीला. गॅस म्हणजे भाषेवर जीव टाकणारा लेखक. गार्डनर म्हणाला कादंबरीला विमान म्हणा, माझं विमान उडतं, याचं सोन्याने इतकं मढवलंय की जमिनीवरून उठत नाही. गॅसचं उत्तर, मला तर ते दगडासारखं जागेवर बसलेलंच हवंय, लोकांना मात्र वाटलं पाहिजे की उडतंय. मला अजूनही ठरवता आलेलं नाही की जिंकलं कोण. (गॅस.)

---

रेवा_एन
रवि, सकाळी ११:३०

घ्या माझा गोठा.

"गोठ्याचं छप्पर खचलं होतं, जणू कुणी पाठीतच वार केला असावा. उदास वाऱ्यावर वैरणीच्या वाळक्या काड्या थरथरत होत्या. रिकामं दावं एकाकी लोंबत होतं. भिंतीवरून ओघळलेल्या पावसाच्या रेषा सुकून गेल्या होत्या. अंधार कोपऱ्यात हुंदके देत बसला होता."

---

सातारी_तर्री
रवि, सकाळी ११:५५

ताई वाईट वाटून घेऊ नका पण यात गोठाच रडतोय. बघणाऱ्याला रडायला काही शिल्लकच ठेवलं नाही तुम्ही. उदास काढा, एकाकी काढा, हुंदके काढा, वार तर पहिला काढा कारण लढाईचं नाव नको म्हटलंय आणि तुम्ही खिडकीतनं आत घेतली. उरतं काय, रिकामं दावं आणि पावसाच्या सुकलेल्या रेषा. त्या रेषा झकास आहेत. त्या ठेवा.

---

रेवा_एन
रवि, दुपारी १२:०५

आई गं. पण बरोबर आहे. बोलणं सोपं असतं, आता तुम्ही टाका.

---

सातारी_तर्री
रवि, दुपारी ३:४०

टाकतो. आमच्या भागात घरटी एक फौजी, अपशिंगे मिलिटरी आमच्यापासून लांब नाही, तेव्हा हा स्वाध्याय आमच्याकडं पुस्तकातला नाही. जास्त काही बोलत नाही.

"गोठा अर्धा कौलाचा, अर्धा पत्र्याचा. उरलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला. मेढीला तीन खिळे. दोन गंजलेले, त्यांवर दावी. तिसरा चकचकीत, नुकताच ठोकलेला, मोकळा. गव्हाणीत कडबा तसाच. कोपऱ्यात घमेलं, त्याच्यावरचं दुकानाचं लेबल अजून निघालेलं नाही. पत्र्याच्या भोकातनं उन्हाचा गोल भुईवर पडलेला. तो शेणावरनं सरकला, गाईच्या पाठीवर चढला, उतरला, गव्हाणीत गेला, भिंतीला लागला. मग नव्हता. गाय उभीच."

---

भटकी_लेखणी
रवि, दुपारी ४:००

बाप रे. उन्हाचा गोल.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणीतरी तिथे हललं नाहीये आणि तसं एकदाही म्हटलेलं नाही. सलाम.

---

खडूसराव
रवि, दुपारी ४:१०

चांगलं आहे, मानलं. पण "नुकताच ठोकलेला" कशाला? चकचकीत म्हटलंस ना. काढ.

आणि तीच वेळ असा नियम आहे, तू अख्खा दिवस खाल्लास.

---

सातारी_तर्री
रवि, दुपारी ४:२५

नुकताच काढला. नियमाचं म्हणाल तर प्रेमवाल्यानंही दिवसभर बसावं, प्रेमात माणूस दुसरं करतोच काय.

---

बांधावरची
रवि, संध्याकाळी ६:५०

मी इथे सहसा फक्त वाचते पण राहवलं नाही. घरी चार गायी आहेत, आत्ता धार काढून आले. दादा, गाय अशी दिवसभर गप उभी राहत नाही. पहिलं म्हणजे बसेल, रवंथ करेल. दुसरं म्हणजे सकाळची धार चुकली ना तर कास ताठून दुपारपर्यंत ती हंबरून गाव गोळा करेल. आणि कडबा तसाच कसा राहील? भुकेली गाय शोक पाळत नाही. तुमच्या कथेत माणूस दुःखात आहे आणि गाय पण दुःखात आहे, गाईला कुणी सांगितलं?

---

डॉलरदास
रवि, संध्याकाळी ७:००

नर्सबाई प्रकट झाल्या!! :D

---

जुना_पिंपळ
रवि, संध्याकाळी ७:२०

"गाईला कुणी सांगितलं" यासाठी बांधावरचींना माझ्यातर्फे एक चहा. असं वाक्य समीक्षेच्या दहा पुस्तकांत मिळत नाही.

---

सातारी_तर्री
रवि, रात्री १०:४५

बांधावरची ताई, तुमचं एकशे एक टक्के खरं. गाय मी घरची नाही, कॅलेंडरवरची बांधली होती. परत लिहिलंय.

"गोठा अर्धा कौलाचा, अर्धा पत्र्याचा. उरलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला. मेढीला तीन खिळे. दोन गंजलेले, त्यांवर दावी. तिसरा चकचकीत, मोकळा. गव्हाण चाटून साफ. कोपऱ्यात घमेलं, त्याच्यावर दुकानाचं लेबल. पत्र्याच्या भोकातनं उन्हाचा गोल शेणावर. गाय हंबरती. गोल तिच्या पाठीवर चढला. गाय हंबरती. दाव्याला हिसका, मेढ हलते, कौलातनं धूळ पडते. गोल गव्हाणीत गेला. सडातनं दूध आपसूक गळून शेणात मिसळलं. गोल भिंतीला लागला. गाय हंबरती."

---

बांधावरची
रवि, रात्री ११:०५

हे बरोबर. दूध असंच गळतं, ताण आला की. आता मात्र वाचवेना, उठून जाऊन त्या गाईची धार काढावीशी वाटली.

---

अनुस्वार
रवि, रात्री ११:३०

बघा, पहिल्या खर्ड्यात गाय बापासारखी वागत होती. दुसऱ्यात ती गाईसारखी वागते, आणि बाप तिचं ओरडणं ऐकूनसुद्धा उठत नाहीये हे आपल्याला कळतं. हे सातारीच्या आतून आलं का? आलंच. पण ते ताईंनी कासेचं सांगितल्यावर आलं.

गार्डनरबद्दल एक सांगायचं राहिलं. लहानपणी, अकरा वर्षांचा असताना तो ट्रॅक्टर चालवत होता आणि मागे जोडलेल्या अवजाराखाली सापडून त्याचा धाकटा भाऊ गेला, १९४५ ची गोष्ट. त्याबद्दल कथा लिहायला त्याला तीसेक वर्षं लागली. तेव्हा गोठा दाखवा आणि मरणाचं नाव काढू नका, हे त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नसणार असं मला आपलं वाटतं. तो स्वतः १९८२ च्या सप्टेंबरात मोटरसायकल अपघातात गेला, ४९ व्या वर्षी, लग्न काही दिवसांवर आलेलं.

---

खडूसराव
सोम, सकाळी ८:५०

संत करू नका पण त्याला. त्याने लिहिलेल्या चॉसर या जुन्या इंग्रजी कवीच्या चरित्रात दुसऱ्या अभ्यासकांचा मजकूर नीट श्रेय न देता वापरल्याचा आरोप झाला होता त्याच्यावर. आणि १९७८ ला नैतिक साहित्यावर पुस्तक लिहून त्याने जवळजवळ सगळ्या समकालीनांना झोडपलं, मग त्यांनीही परतफेड केली. मास्तर म्हणून मोठा असेल, माणूस म्हणून भांडकुदळ होता.

शिकवता येतं का यावर माझं मत तसूभर हललं आहे. तसूभरच.

---

घाटावरचा_जोशी
सोम, सकाळी ९:२०

तसूभर म्हणजे खडूसरावांच्या मापात मैलभर. वाचनखूण साठवली.

मी विचार करत होतो की हे विद्यापीठात का होत नाही, तर साधं आहे, एका वर्गात ऐंशी पोरं, प्रत्येकाची कथा दहा वेळा कोण वाचणार? गार्डनरने जे केलं ते वेळखाऊ आहे, त्यात भव्यदिव्य काही नाही. आपल्याकडे कार्यशाळा होतात, दोन दिवस, दीपप्रज्वलन, तीन व्याख्यानं, प्रमाणपत्र. पोरांची वही उघडतच नाही कुणी. दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात आयोवाला जाऊन आले, पण ते तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात, म्हणजे शिकायला नव्हे, पाहुणे लेखक म्हणून. तो प्रकार इकडे रुजला नाही तो नाहीच.

---

भटकी_लेखणी
सोम, दुपारी १:१५

मग इथेच करू की. महिन्यातून एक स्वाध्याय, कुणीतरी टाकायचा, बाकीच्यांनी कंस टाकायचे, लेखकाने परत लिहून आणायचं. अट एकच, पेन्सिल फिरत राहिली पाहिजे, दरवेळी तेच दोन-तीन जण नकोत (खडूसराव, ऐकताय ना).

आणि दुसरा भाग कुणीच केला नाही, सुखी माणसाचा गोठा. दुःख सगळ्यांना जमतं. माझा प्रयत्न, तोच गोठा, तोच दिवस:

"पत्रा अजून चढायचाय, चढेल. मेढीला नवा खिळा, कुणाच्या तरी हातचा, जरा तिरका. घमेलं कोरं, लेबलवर किंमत, खोडून कमी केलेली. पत्र्याला भोक नेमकं तिथेच पडलंय जिथून ऊन शेणावर पडावं आणि शेणसुद्धा सोन्याचं दिसावं. गाय ओरडतेय. सूर लागलाय तिचा. कौलातून धूळ पडली, उन्हात आली, चमकली. गोल पाठीवर. गोल गव्हाणीत. गोल भिंतीवर, एवढ्यात?"

---

रेवा_एन
सोम, दुपारी १:४०

"एवढ्यात?" वर मी गेले! तिरका खिळा पण मस्त.

"शेणसुद्धा सोन्याचं" मात्र कंसात टाकते. यावर बोलू या.

---

बांधावरची
सोम, संध्याकाळी ७:१५

याची पण धार राहिली का हो?

---

भटकी_लेखणी
सोम, संध्याकाळी ७:३०

राहिली ताई. त्याला कुठलं भान. उद्या दुसरा खर्डा टाकते, शेण साधंच ठेवून.